प्राण्यांत जाऊन राहावं म्हणणारा कवी

वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीची 'अ‍ॅनिमल्स' ही छोटी कविता सीबीएसईच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट' या इंग्रजी पुस्तकातून भारतभरच्या मुलांनी अनेक वर्षं वाचली. तिच्यावरचं ठरलेलं उत्तर असं: प्राणी शांत, समाधानी आणि निर्लोभी असतात, माणूस रडका, लोभी आणि ढोंगी झाला आहे, म्हणून कवीला माणसांपेक्षा प्राणी जवळचे वाटतात. उत्तर चुकीचं नाही आणि त्याला मार्कही मिळत. पण तिथंच थांबलं तर कवितेतला निम्मा अर्थ हाती लागत नाही, आणि राहून जातो तो निम्मा अर्थ अधिक मोलाचा आहे. म्हणून ही कविता जरा सावकाश, एकेक पायरी उतरत वाचू.

कविता आली कुठून?

'अ‍ॅनिमल्स' या नावाची स्वतंत्र कविता व्हिटमननं लिहिलेली नाही. 'साँग ऑफ मायसेल्फ' या त्याच्या दीर्घकवितेचे ५२ भाग आहेत. त्यातल्या ३२ व्या भागाच्या सुरुवातीच्या ओळी वेगळ्या काढून पाठ्यपुस्तकात घेतल्या गेल्या. त्या ३२ व्या भागाचा शेवट पाठ्यपुस्तकात नव्हता. त्या शेवटाकडे आपण नंतर येऊच.

ही दीर्घकविता १८५५ च्या जुलैमध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' या पुस्तकात पहिल्यांदा छापून आली. व्हिटमन तेव्हा ३६ वर्षांचा होता. सुताराचा मुलगा, छापखान्यात काम केलेला, शाळेत शिकवलेला, वर्तमानपत्रं चालवलेला. हे पुस्तक त्यानं पदरमोड करून ब्रुकलिनमधल्या रोम बंधूंच्या छापखान्यात छापून घेतलं आणि काही पानांचे खिळे स्वतःच्या हातानं जुळवले. पुस्तकात १२ कविता होत्या. एकीलाही स्वतःचं वेगळं नाव नव्हतं. 'साँग ऑफ मायसेल्फ' हे शीर्षक १८८१ च्या आवृत्तीत आलं.

त्या पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर कवीचं नाव नव्हतं. समोरच्या पानावर फक्त त्याचं चित्र होतं: उघड्या गळ्याचा सदरा, डोक्यावर कलती हॅट, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. त्या काळात कवीचं चित्र छापायचं तर ते कोट आणि गळपट्ट्यातलं असायचं. हा माणूस मात्र कामावरच्या कपड्यांत उभा आहे. हे चित्र लक्षात ठेवा. प्रतिष्ठेबद्दलची ओळ वाचताना ते उपयोगी पडेल.

सुरुवातीचे दोन गुण

कवितेची सुरुवात एका इच्छेनं होते. आपण माणसांकडून वळून प्राण्यांत राहायला जाऊ शकू, असं कवीला वाटतं. तो गेलेला नाही. तो उभा राहून त्यांच्याकडे खूप वेळ पाहतो आहे. १८५५ च्या पहिल्या पाठात तर त्याची इच्छा काही काळच प्राण्यांत राहण्याची होती. ही मुदत त्यानं पुढे काढून टाकली. म्हणजे कविता जंगलात निघून गेलेल्या माणसाची नाही. माणसांच्या वस्तीत उभं राहून प्राण्यांकडे पाहणाऱ्या माणसाची ती आहे.

प्राण्यांत त्याला दोन गुण दिसतात. एक, ते शांत आहेत. दुसरा, ते स्वतःत पुरेसे आहेत. समाधानासाठी त्यांना बाहेरच्या कशाचा आधार लागत नाही. पुढची सगळी रचना या दोन गुणांवर उभी आहे. यानंतर सहा ओळी येतात आणि त्या सहाही नकाराच्या आहेत. पहिल्या तिन्ही ओळी 'ते अमुक करत नाहीत' अशा सुरू होतात, नंतरच्या तिन्ही 'एकही अमुक नाही' अशा. पहिल्या तीन ओळी शांतपणाबद्दल बोलतात, नंतरच्या तीन स्वतःत पुरेसं असण्याबद्दल.

पहिले तीन नकार: शांतपणा कशानं जातो?

पहिला नकार रडगाण्याला. आपल्या परिस्थितीबद्दल प्राणी घाम गाळत कुरकुरत नाहीत. प्राण्यांना त्रास होत नाही, असं कवी म्हणत नाही. त्रास होतो, पण त्याचं गाऱ्हाणं ते गात बसत नाहीत, एवढंच तो नोंदवतो.

दुसरा नकार रात्रीच्या जागरणाला. अंधारात जागं राहून प्राणी आपल्या पापांसाठी अश्रू ढाळत नाहीत. यामागे तेव्हाची अमेरिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं धर्मजागृतीच्या सभांची मोठी लाट आली होती. तंबूंतून, मैदानांतून प्रवचनं होत आणि आपण पापी आहोत या जाणिवेनं माणसं चारचौघांत हमसून हमसून रडत. व्हिटमन लहान होता तेव्हा ती लाट जोरात होती.

तिसरा नकार देवाविषयीच्या कर्तव्यांच्या चर्चेला. या चर्चेनं कवीला अक्षरशः मळमळतं, आणि प्राणी त्याला हा त्रास देत नाहीत. इथं बरेच वाचक व्हिटमनला नास्तिक ठरवून मोकळे होतात. पण तो नास्तिक नव्हता. याच दीर्घकवितेच्या ४८ व्या भागात त्याला प्रत्येक वस्तूत देव दिसतो आणि ऐकू येतो. त्याच्या घरात क्वेकर या ख्रिस्ती पंथाविषयी जिव्हाळा होता. १८२९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्यानं आईवडिलांबरोबर ब्रुकलिनमध्ये इलायस हिक्स या क्वेकर उपदेशकाचं प्रवचन ऐकलं होतं. देवाचा उजेड माणसाच्या आतच असतो, कर्मकांडात नसतो, असं हिक्स सांगत. व्हिटमन हे प्रवचन आयुष्यभर विसरला नाही. देव सगळीकडे आहे असं मनापासून वाटणाऱ्याला देवाशी आपलं देणंघेणं किती, याचा हिशेब मांडणाऱ्यांचा कंटाळा येणं स्वाभाविक आहे. त्याचा राग देवावर नाही, या हिशेबावर आहे.

पुढचे तीन नकार: पुरेपण कशानं जातं?

चौथ्या ओळीत असमाधान आणि मालकी एकत्र येतात. वस्तूंची मालकी मिळवण्याच्या नादानं वेडा झालेला एकही प्राणी नाही. व्हिटमन हे कुठल्या देशात लिहीत होता ते विसरून चालणार नाही. १८५० च्या जनगणनेत अमेरिकेत ३२ लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून नोंदली गेली होती. त्याच वर्षी पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकांच्या हवाली करण्याचा कायदा आणखी कडक झाला. माणूस माणसाचा मालक होऊ शकत होता, आणि कायदा त्या मालकाच्या बाजूनं उभा होता. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये, या मताचा व्हिटमन होता. या वादातूनच १८४८ च्या सुरुवातीला त्याला 'ब्रुकलिन डेली ईगल'चं संपादकपद सोडावं लागलं. पुढे काही महिने तो न्यू ऑर्लिन्सला राहिला आणि तिथं त्यानं गुलामांचे लिलाव पाहिले. 'साँग ऑफ मायसेल्फ'च्या दहाव्या भागात एका पळून आलेल्या गुलामाला घरात घेऊन त्याची सेवा करण्याचा प्रसंग आहे. म्हणून मालकीच्या वेडाची ही ओळ दागदागिन्यांच्या हौसेपुरती वाचू नये. तिची धार माणसाच्या मालकीपर्यंत जाते.

पाचवी ओळ गुडघे टेकण्याबद्दल आहे. एक प्राणी दुसऱ्यापुढे गुडघे टेकत नाही, आणि हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आपल्या जातभाईपुढेही टेकत नाही. पहिल्या निम्म्यात राजे आणि मालक येतात, दुसऱ्या निम्म्यात जुने ग्रंथ, जुने महापुरुष, पूर्वजांचा शब्द. जिवंत माणसांची सत्ता आणि मेलेल्यांची सत्ता, दोन्ही एका ओळीत नाकारली जातात.

सहावी ओळ सगळ्यांत धारदार. साऱ्या पृथ्वीवर एकही प्राणी प्रतिष्ठित नाही आणि दुःखीही नाही. पहिल्या आवृत्तीत या जोडीतला दुसरा शब्द वेगळा होता: तिथं प्रतिष्ठित आणि उद्योगी अशी जोडी होती. नंतर व्हिटमननं उद्योगीच्या जागी दुःखी घातला. या एका बदलानं ओळीचा रोखच बदलला. आधी ती कष्टाळू, सभ्य मध्यमवर्गाला टोमणा मारत होती. आता ती प्रतिष्ठा आणि दुःख शेजारी बसवते आणि दोघांचं नातं काय ते वाचकाला ताडायला लावते. प्रतिष्ठा दुसऱ्याच्या नजरेवर चालते. चार लोक काय म्हणतील यावर ज्याचं सुख टांगलेलं आहे, तो स्वतःत पुरेसा कसा राहील? कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या त्या चित्राचा अर्थही इथं उलगडतो.

कवितेत प्राणी आहेत कुठं?

आता या सहा ओळी पुन्हा वाचून एक साधी गोष्ट तपासा: त्यांत कोणकोणते प्राणी आहेत? गाय नाही, कुत्रा नाही, पक्षी नाही. एकाही प्राण्याचं नाव नाही. एकाचंही शेपूट, डोळे, चाल दिसत नाही. दिसतो तो माणूस: घाम गाळणारा, कुरकुरणारा, रात्री रडणारा, वस्तू जमवणारा, वाकणारा, प्रतिष्ठा सांभाळणारा. हे चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं आहे. जे नाही म्हणून सांगितलं जातं, तेच कागदावर उमटतं.

ही कविता समजून घ्यायची किल्ली इथं आहे. प्राण्यांची स्तुती नकारांनी केलेली आहे, म्हणून ती प्राण्यांचं वर्णन ठरत नाही. माणसानं स्वतःवर चढवलेल्या ओझ्यांची ती यादी आहे.

हे लक्षात घेतलं की वर्गात हमखास निघणाऱ्या एका शंकेचंही उत्तर मिळतं. प्राण्यांत लोभ नसतो का? उच्चनीच नसते का? असते. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या श्येल्देरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. वानरांच्या टोळीत हुप्प्याचा वचक असतो. कुत्रा हाड पुरून ठेवतो आणि आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. प्राणिशास्त्र म्हणून व्हिटमनच्या निम्म्या ओळी टिकणार नाहीत. त्या टिकाव्यात म्हणून लिहिलेल्याही नाहीत. तेव्हा विद्यार्थ्यानं ही शंका काढली तर शिक्षकांनी त्याला गप्प बसवू नये. त्याची शंका बरोबर आहे, आणि तिच्या मदतीनंच कवितेचा खरा विषय दाखवता येतो.

मराठी वाचकाला कुठं अडायला होतं?

आपल्या कानांवर या विषयाचे दोन जुने सूर आहेत. एक सूर सुभाषिताचा: खाणं, झोपणं, भिणं आणि वंश वाढवणं माणसात आणि पशूत सारखंच, धर्म हे माणसाचं वेगळेपण, धर्म नसेल तर माणूस पशूच. इथं पशू खालच्या पायरीवर आहे. गाढव, बैल, डुक्कर या आपल्या शिव्याही त्याच पायरीवरून येतात. व्हिटमन ही पायरी उलटी करतो. माणसाला पशूपासून वेगळं काढणाऱ्या गोष्टींपैकी काहींनीच माणूस दुःखी झाला आहे, असं त्याचं म्हणणं.

दुसरा सूर तुकोबांचा. झाडंझुडपं आणि रानातले जीव यांना सोयरे मानणारा त्यांचा अभंग मराठी माणसाला पाठ असतो. त्यामुळे व्हिटमन वाचताना आपल्याला लगेच ओळखीचं वाटतं, आणि ते साम्य खोटं नाही. पण फरकही पाहायला हवा. तुकोबांना रानातला एकांत रुचतो, कारण तिथं हरिकथेत आणि चिंतनात अडथळा येत नाही. रान त्यांना देवाच्या जवळ नेतं. व्हिटमनला प्राणी आवडतात, कारण देवाशी असलेल्या कर्तव्याची चर्चा त्यांच्याकडे नसतेच. सोयरीक दोघांचीही आहे, तिचं कारण मात्र वेगळं आहे. तुकोबांची भक्ती व्हिटमनच्या ओळींत शोधायला गेलं की तिसऱ्या नकाराशी हमखास ठेच लागते.

खुणांचं कोडं

सहा नकारांनंतर कवितेचा आवाज बदलतो. इथं पहिल्यांदाच प्राणी काहीतरी करतात. ते कवीला आपलं नातं दाखवतात आणि कवी ते मान्य करतो. मग ते त्याच्याकडे त्याच्याच काही खुणा घेऊन येतात. त्या त्यांच्याजवळ आहेत हे अगदी उघड दिसतं. कवीला प्रश्न पडतो: या खुणा यांना मिळाल्या कुठून? फार फार काळापूर्वी आपण याच वाटेनं गेलो होतो आणि निष्काळजीपणानं त्या टाकून दिल्या, असं तर नाही ना? पाठ्यपुस्तकातली कविता या प्रश्नावर संपते.

या खुणा म्हणजे काय, हा परीक्षेतला आवडता प्रश्न होता. शांतपणा, पुरेपण, निर्लोभीपणा हे गुण असं उत्तर देत आणि ते बरोबर आहे. पण कवीच्या प्रश्नातलं क्रियापद पाहा. त्या खुणा कवीच्याच होत्या आणि त्यानंच त्या टाकल्या. म्हणजे हे गुण मूळचे माणसाचे. प्राण्यांनी ते जपून ठेवले आणि आता ते परत दाखवायला आणले आहेत. इथं माणूस आणि प्राणी यांतली तुलना संपते आणि नातं सुरू होतं.

हे नातं कसलं, ते आधीचा ३१ वा भाग वाचल्यावर कळतं. त्यात गवताचं पातं ताऱ्यांच्या कामापेक्षा कमी नाही, एवढासा उंदीरसुद्धा अश्रद्ध माणसाला थक्क करणारा चमत्कार आहे, आणि कवीच्या स्वतःच्या अंगात खडक, कोळसा, शेवाळ, फळं आणि धान्य आहे. चारपायी जनावरं आणि पक्षी त्याच्या अंगभर चिकटलेले आहेत. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये आलं, म्हणजे चार वर्षांनी. पण पृथ्वी फार प्राचीन आहे आणि जीवसृष्टी हळूहळू घडत आली आहे, हे विचार तेव्हाच्या वाचकांत चर्चेत होते. रॉबर्ट चेम्बर्सचं 'व्हेस्टिजेस' हे पुस्तक १८४४ मध्ये निघालं होतं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला होता. प्राण्यांच्या वाटेनं आपणही कधीकाळी गेलो, ही कल्पना त्या हवेतली आहे.

पुस्तकात न आलेला घोडा

यापुढच्या ओळी पाठ्यपुस्तकात नव्हत्या. कवी आपल्या खुणा घेऊन आलेल्यांतून एकाला निवडतो आणि त्याच्याबरोबर भावासारखा निघतो. तो एक प्रचंड देखणा घोडा आहे. आतापर्यंत एकाही प्राण्याचं अंग न दाखवणारी कविता आता बारकाईनं पाहू लागते: उंच कपाळ, दोन कानांमधलं रुंद अंतर, तुकतुकीत, लवचीक पाय, जमिनीला लागणारं शेपूट, डोळ्यांतली खट्याळ चमक, हलते कान. कवी त्याच्यावर स्वार होतो, त्याच्या टाचा घोड्याला लागतात, घोड्याच्या नाकपुड्या फुलतात आणि दोघं वेगानं एक फेरी मारून येतात.

मग कवी घोड्याला सोडून देतो. आपण त्याला फक्त क्षणभर वापरलं, आता त्याच्या चालीची गरज नाही, कारण आपण बसल्या जागी त्याच्याहून वेगानं जातो, असं तो म्हणतो.

या शेवटानं दोन गोष्टी होतात. मालकीच्या वेडाला नाव ठेवणाऱ्या कवीच्या हाती सगळ्यांत सुंदर जनावर येतं आणि तो ते ठेवून घेत नाही. चौथ्या ओळीत जे सांगितलं ते तो स्वतः करून दाखवतो. आणि प्राण्यांत राहायला निघालेला माणूस शेवटी प्राण्यापेक्षा वेगवान ठरतो. त्याचं मन सगळीकडे जाऊन येतं. प्राणी श्रेष्ठ आणि माणूस हलका, असा सरळ निकाल ही कविता देत नाही. माणसानं आपल्या टाकलेल्या खुणा परत घ्याव्यात आणि पुढे जावं, असं ती सुचवते.

अशा कविता वाचताना

माणसापेक्षा प्राणी बरा, हा विषय जुना आहे. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये, १७२६ साली, शहाणे घोडे राज्य करतात आणि माणसासारखे प्राणी घाणीत लोळतात. तिथं गलिव्हरला शेवटी घरच्या माणसांचा वासही सोसत नाही. व्हिटमन तसा नाही. त्याला माणसांचा वीट आलेला नाही. म्हणून अशी कोणतीही कविता हाती आली की चार प्रश्न विचारावेत. खराखुरा प्राणी दिसतो का? स्तुती प्राण्यांत असलेल्या गोष्टींची आहे, की नसलेल्या गोष्टींची? बोलणारा कुठं उभा आहे, माणसांत की माणसांबाहेर? आणि शेवटी तो सुरुवातीच्याच जागी आहे की हलला आहे?

व्हिटमनच्या कवितेला हे प्रश्न विचारायचे तर ३१ आणि ३२ हे दोन्ही भाग पूर्ण वाचायला हवेत. ओळी लांब आहेत, यमक नाही, तेव्हा त्या मोठ्यानं वाचाव्यात. एकाच शब्दानं सुरू होणाऱ्या ओळींचा ठेका कानाला लगेच पकडता येतो. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ही कविता शिकवाल तेव्हा त्या घोड्याच्या ओळीही वर्गात वाचून दाखवा. परीक्षेत त्या विचारल्या जात नव्हत्या, पण त्यांच्याशिवाय ही कविता पूर्ण होत नाही.